तीन सेनचं पाणी

एकतीस वर्षं एका महापालिकेच्या पाणीपुरवठा खात्यात काढली, त्यामुळे कुठेही गेलो तरी माझी नजर आधी रस्त्यावरच्या व्हॉल्व्हच्या झाकणांकडे जाते. ताजमहाल बघायला गेलो होतो तेव्हाही बाहेरच्या गळक्या पाइपचा फोटो काढला होता. बायको अजून ते काढून दाखवते. गेल्या नोव्हेंबरात सिंगापूर आणि मलेशिया असे आठ दिवस फिरून आलो. भाचा सिंगापुरात असतो, त्याचा तीन वर्षांचा आग्रह होता. सिंगापूरचा व्हिसा एजंटाकडून काढला. मलेशियाला सध्या आपल्याला व्हिसा लागत नाही, फक्त मोबाइलवर एक फॉर्म भरायचा.

पहिला दिवस

भाच्याचं घर वुडलँड्सला, म्हणजे बेटाच्या उत्तर टोकाला, अकराव्या मजल्यावर. खिडकीतून खाडीसारखी एक चिंचोळी सामुद्रधुनी दिसते आणि पलीकडे उंच इमारती. "मामा, ते मलेशिया," तो म्हणाला. आमच्या सोसायटीतली बी विंग दाखवावी, तसा.

संध्याकाळी दाढी करत होतो. भाच्याची आठ वर्षांची लेक दारात येऊन उभी राहिली. "आजोबा, नळ." मला कळेना. तिने आत येऊन नळ बंद केला आणि गेली. शाळेत शिकवतात म्हणे.

जेवण झाल्यावर मी पाण्याचं बिल मागितलं. भाचा म्हणाला, "मामा, तू सुट्टीवर आलायस ना?" पण दाखवलं. हजार लिटरला ३.२४ डॉलर. आपले सव्वादोनशे रुपयांच्या आसपास. मुंबईत घरगुती पाण्याचा दर हजार लिटरला दहा रुपयांच्या आत आहे आणि तो पन्नास पैशांनी वाढवायचा म्हटला तरी सभागृहात हंडे फुटतात. इथे दरातच पाणी जपून वापरावं म्हणून एक वेगळा कर धरलेला आहे. मी भाच्याला विचारलं, "लोक ओरडत नाहीत?" तो म्हणाला, "ओरडतात. मग भरतात."

झोप येईना म्हणून खिडकीत बसलो. समोरचं जोहोर राज्य आणि ही अलीकडची इमारत एकेकाळी एकाच देशात होती, जेमतेम तेवीस महिने. १६ सप्टेंबर १९६३ला सिंगापूर मलेशियात सामील झालं आणि ९ ऑगस्ट १९६५ला बाहेर पडलं. पडलं की काढलं, यावर अजून वाद आहेत. सिंगापूरचे तेव्हाचे पंतप्रधान ली क्वान यू त्या दिवशी टीव्हीवर बोलता बोलता रडले होते. गावात ना मोठी नदी ना खाण ना पुरेशी शेती, आणि प्यायचं बरंचसं पाणी ज्यांनी आत्ताच घराबाहेर काढलं त्यांच्याकडून येणार. पाणीखात्यातल्या माणसाला ते रडणं कळतं.

दुसरा दिवस

मरिना बराज. बायकोला गार्डन्स बाय द बे बघायचं होतं, मला बराज. शेजारी शेजारी असल्यामुळे घरात शांतता राहिली.

साडेतीनशे मीटर लांबीचं धरण, तेही शहराच्या मध्यात, नदी समुद्राला मिळते तिथे. २००८ साली बांधून झालं. नऊ पोलादी दरवाजे आणि मोठाले पंप. आतल्या बाजूला गोडं पाणी, बाहेर खारं. बेटाच्या एक षष्ठांश भागावर पडलेला पाऊस गटारा-नाल्यांतून वाहत इथे जमा होतो आणि शुद्ध होऊन नळाला येतो. पाऊस जोरात आणि समुद्राला ओहोटी असेल तर दरवाजे खाली घालतात, भरती असेल तर दरवाजे बंद ठेवून पंपांनी पाणी बाहेर फेकतात. मुंबईत २६ जुलैला भरती आणि पाऊस एकाच वेळी आले तेव्हा काय झालं, ते ज्याने कंट्रोल रूममध्ये बसून पाहिलंय तो या पंपांपुढे हात जोडून उभा राहील. मी राहिलो. एका सुरक्षारक्षकाने हसून मान डोलावली.

छतावर हिरवळ आहे आणि तिथे माणसं पतंग उडवत होती. पंपिंग स्टेशनच्या छतावर! आमच्याकडे उदंचन केंद्रात परवानगीशिवाय साहेबसुद्धा शिरू शकत नाही.

या देशाला पाणी चार वाटांनी येतं. पावसाचं साठवलेलं, जोहोरहून आणलेलं, समुद्राचं गोडं केलेलं, आणि सांडपाणी पुन्हा शुद्ध केलेलं. शेवटच्याला ते न्यूवॉटर म्हणतात. ते २००२च्या राष्ट्रदिनी पंतप्रधानांनी स्वतः सगळ्यांदेखत प्यायलं आणि मैदानात जमलेल्या हजारो लोकांनी त्यांच्याबरोबर बाटल्या उघडल्या. आपल्याकडे 'प्रक्रिया केलेलं सांडपाणी' हे शब्द बागेसाठी वापरले तरी नगरसेवक नाक मुरडतात.

दुपारी हॉकर सेंटरमध्ये जेवलो. हे म्हणजे महापालिकेच्या मंडईसारखं छप्पर आणि खाली साठ-सत्तर गाळे. चिनी, मलय, तमिळ, सगळं एका छताखाली. टेबल अडवायला लोक कागदी रुमालांचं पाकीट ठेवून जातात आणि ते पाकीट कुणी उचलत नाही. जेवण झाल्यावर ताट आपणच नेऊन ठेवायचं, नाहीतर दंड. ताटं ठेवायचे दोन कप्पे, एक हलाल, एक बिगरहलाल. मी पाच मिनिटं तो कप्पा बघत उभा राहिलो. एकत्र जेवा, पण उष्टी ताटं वेगळी. सिंगापूरने धर्म, वंश, शेजार या सगळ्यांचं काय केलंय, ते त्या दोन कप्प्यांत दिसतं. भांडणाची जागा आधीच शोधून तिथे पाटी लावून ठेवलीय.

राजकारणाचं विचारलं तर भाचा जरा आवाज खाली करतो. सवयीने. १९५९पासून एकच पक्ष सत्तेवर आहे. मे २०२५च्या निवडणुकीत ९७पैकी ८७ जागा त्यांच्या. २०१७च्या अर्थसंकल्पात पाण्याचा दर दोन टप्प्यांत तीस टक्के वाढवायचं ठरलं आणि पुढच्या निवडणुकीत तोच पक्ष पुन्हा आला.

तिसरा दिवस

सकाळी खाली उतरलो तर इमारतीखाली लग्न. इथे इमारतींचा तळमजला मोकळा ठेवतात, नुसते खांब, त्याला व्हॉइड डेक म्हणतात. मलय नवरा-नवरी सजवलेल्या कोचावर बसलेले, बिर्याणीचे टोप, आणि लिफ्टकडे जाणारे चिनी आजी-आजोबा पाहुण्यांमधून वाट काढत हसत चाललेले. भाचेसून म्हणाली, "मागच्या आठवड्यात इथेच एका चिनी आजोबांचं अंत्यदर्शन होतं. तीन दिवस."

इथले सुमारे ७७ टक्के रहिवासी सरकारने बांधलेल्या घरांत राहतात. म्हाडाच राज्य चालवतेय असं समजा, फक्त लॉटरी लागायला जन्म जात नाही आणि घर नव्व्याण्णव वर्षांच्या पट्ट्याने मिळतं. पण खरी गंमत कोट्याची. १९८९पासून प्रत्येक इमारतीत कुठल्या वंशाचे किती टक्के, याची मर्यादा आहे. चिनी ८७पर्यंत, मलय २५, भारतीय आणि इतर मिळून १५. मर्यादा भरली की त्या वंशाच्या नव्या माणसाला तिथे दुसऱ्या वंशाच्या माणसाकडून घर घेता येत नाही. भाच्याला घर विकायचं झालं आणि इमारतीतला चिनी कोटा भरलेला असला, तर सगळ्यात जास्त पैसे देणारं गिऱ्हाईक हातचं जातं. तो यावर चिडतो. मी त्याला आपल्याकडच्या 'फक्त शाकाहारी कुटुंबांसाठी' या जाहिरातींची आठवण करून दिली. गप्प बसला.

त्याची लेक शाळेत मातृभाषा म्हणून हिंदी शिकते. सगळं शिक्षण इंग्रजीत आणि जोडीला प्रत्येकाला आपली मातृभाषा, अशी पद्धत. भारतीयांसाठी तमिळ, नाहीतर हिंदी, बंगाली, गुजराती, पंजाबी, उर्दू यांपैकी एक. मराठी त्या यादीत नाही. म्हणजे सरकारी कागदावर आमच्या नातीची आई हिंदी.

दुपारी लिटल इंडिया, मुस्तफा सेंटर. सगळं मिळतं, गर्दी फार, पाय दुखले.

चौथा दिवस

मलेशियातल्या मलाक्का शहराची बस सकाळी आठची. बस निघते, दहा मिनिटांत वुडलँड्सच्या नाक्यावर थांबते. सगळं सामान घेऊन उतरायचं, सिंगापूरचा शिक्का (शिक्का नसतोच, चेहरा दाखवायचा), पुन्हा बसमध्ये, कॉजवे ओलांडायचा, पुन्हा सामानासकट उतरायचं, मलेशियाचं इमिग्रेशन, पुन्हा बस.

कॉजवे १९२४ साली सुरू झाला. एक किलोमीटरच्या थोडा वर. या एवढ्याशा भरावावरून रोज काही लाख माणसं जातात-येतात. त्याला समांतर आता रेल्वेचा नवा पूल होतोय, तोही दिसला. पण मी बघत होतो ते पाइप. रस्त्याच्या कडेने, कठड्यापलीकडे, जाडजूड, शेजारी शेजारी पडलेले. बायकोला म्हटलं, "बघ." ती म्हणाली, "बघितले. आता फोटो काढू नका, पोलीस आहेत."

पाइपांची गोष्ट अशी. १९६२च्या कराराने सिंगापूरला जोहोर नदीतून रोज २५ कोटी गॅलन कच्चं पाणी उचलता येतं, २०६१पर्यंत. दर हजार गॅलनला तीन सेन. सेन म्हणजे रिंगिटचा शंभरावा भाग. साडेचार हजार लिटरला साठ-पासष्ट पैसे! मी बसमध्ये मोबाइलवर गुणाकार केला. पूर्ण २५ कोटी गॅलन उचललं तरी दिवसाचं बिल साडेसात हजार रिंगिट, दीड-पावणेदोन लाख रुपये. मुंबईला रोज जेवढं पाणी लागतं त्याच्या पाव हिश्श्याहून जास्त पाणी, आणि किंमत आमच्याकडच्या एका बऱ्या लग्नातल्या जेवणावळीएवढी.

मलेशियाचे नेते वर्षानुवर्षं यावर चिडतात, अनेक वर्षं पंतप्रधान राहिलेले महाथिर तर फारच. सिंगापूरचं म्हणणं वेगळं आहे. करारात पंचवीस वर्षांनी, म्हणजे १९८७ साली, दर बदलायची सोय होती, तेव्हा तुम्ही बदलला नाहीत. नदीवरचं लिंगिऊ धरण आमच्या पैशाने झालं. शुद्ध केलेलं काही पाणी आम्ही तुम्हाला परत देतो, तेही हजार गॅलनला पन्नास सेनला, आणि आमचा खर्च त्याच्या चौपट-पाचपट आहे. कागदावर सिंगापूरची बाजू पक्की आहे. नोकरीत असतो तर मीही तीच टिपणी लिहिली असती.

पण मी मूळचा शहापूर तालुक्यातला. तानसाची जलवाहिनी आमच्या गावच्या शिवारातून जाते. तानसा धरण १८९२चं, म्हणजे माझ्या आजोबांच्याही आधीचं. मुंबईला पाणी देणारी तानसा, भातसा, मोडकसागर ही धरणं आमच्या तालुक्याच्या आसऱ्याने उभी आणि एप्रिल उजाडला की तालुक्यातल्या पाड्यांवर टँकर. आई त्या जाड पाइपच्या सावलीत हंडा टेकवून दम खायची आणि मग पुढे विहिरीवर जायची. मला पुढे नोकरी लागली ती पाइपच्या दुसऱ्या टोकाला. जोहोरच्या माणसाला काय वाटत असेल, हे मला करार वाचून नाही, त्या सावलीवरून समजतं.

या विचारात असतानाच बस चुकली. मलेशियाच्या खिडकीवर बोटांचे ठसे घेतात आणि बायकोचे ठसे उमटेनात. चाळीस वर्षं भांडी-कपडे केलेली बोटं ती. चार वेळा पुसून, फुंकून, अखेर एका वरिष्ठ बाईंनी येऊन सोडलं. बाहेर आलो तर बस निघून गेलेली. तिकिटावर 'वीस मिनिटं थांबेल' असं बारीक अक्षरात होतं म्हणे. फोन केला, कुणी उचलला नाही. सामान हातातच होतं, एवढं नशीब.

मग जोहोर बारू या अलीकडच्याच शहरातल्या लार्किन बस स्थानकावर जाऊन दुसरी तिकिटं काढली आणि दीड तास होता म्हणून शेजारच्या ममाक टपरीवर बसलो. ममाक म्हणजे तमिळ मुसलमानांची खाणावळ. सिंगापुरात जिला प्राटा म्हणतात तीच इथे रोटी चनाई. तोच मैदा, तोच तव्यावर आपटायचा आवाज, तीच डाळ. आकडाही जवळपास तोच, दीड-दोन. फक्त तिकडे डॉलर आणि इकडे रिंगिट. १९७३पर्यंत दोन्ही चलनं एकास एक चालत. आता एका डॉलरला तीनहून जास्त रिंगिट मिळतात. म्हणून शनिवार-रविवारी सिंगापूर इकडे येतं, केस कापायला, दात काढायला, गाडी धुवायला. पेट्रोलसाठी येऊ नये म्हणून सिंगापूरने कायदा केलाय. हद्द ओलांडताना टाकी पाऊण भरलेली हवी, नाहीतर दंड. मलेशियात उलट बाजूने बंदी, सवलतीचं ९५ ऑक्टेनचं पेट्रोल सिंगापूरच्या गाडीला भरायचं नाही. दोघांनी एकमेकांना बरोबर ओळखलंय.

टपरीवर नळाखाली एक बादली भरून वाहत होती. चहा संपेपर्यंत ती कुणी बंद केली नाही. उठून मीच केली.

पाचवा दिवस

मलाक्का. जुन्या गल्लीतलं घरगुती लॉज, मालकीण साठीच्या चिनी बाई. शॉवर होता, पण बायकोला अंघोळीला बादलीच लागते. हाताने खाणाखुणा करू लागलो. बाई म्हणाल्या, "बाल्दी?" आम्ही दोघं हसत सुटलो. आमच्या आजीचा शब्द. पोर्तुगीजांच्या 'बाल्दे'वरून आपल्याकडे बालदी-बादली झाली आणि मलय भाषेतही बाल्दी.

पोर्तुगीज सेनानी अल्बुकर्कने १५१०मध्ये गोवा घेतलं आणि पुढच्याच वर्षी मलाक्का. टेकडीवर सेंट पॉल चर्चच्या नुसत्या भिंती उरल्यात, छप्पर नाही. आत जाळी लावलेला एक रिकामा खड्डा आहे. जुन्या गोव्यात ज्यांचं शव आहे ते सेंट फ्रान्सिस झेवियर १५५३मध्ये काही महिने इथे पुरलेले होते, मग तिथून गोव्याला नेले. बाहेर त्यांचा पांढरा पुतळा आहे, उजवा हात तुटलेला. खऱ्या शवाचाही उजवा हात १६१४मध्ये काढून रोमला नेला होता. गाईड हे सगळ्यांना सांगतो आणि सगळे एकदम "अरे!" म्हणतात, आम्हीही म्हणालो. लहानपणी गोव्याला बसभर माणसं दर्शनाला जाताना पाहिली होती. त्या कहाणीचं आधलं पान इथे असेल, हे डोक्यात आलं नव्हतं.

खाली गल्लीत १७८१चं गणपतीचं देऊळ, मलाक्काच्या चिट्टी लोकांचं. कधीकाळी तमिळ मुलखातून आलेल्या व्यापाऱ्यांचे हे वंशज, घरात मलय बोलतात आणि पूजा गणपतीची करतात. त्याच रांगेत जुनी मशीद आणि चिनी मंदिर. इथे कुणी कोटा ठरवून दिलेला नाही, आपोआप साचलंय.

पण कोटा मलेशियातही आहेच, आणि त्याचं नाव वाचून मराठी माणूस दचकतो. 'बुमिपुतेरा', भूमिपुत्र! मलय भाषेत संस्कृत शब्द पावलोपावली भेटतात. भाषेला बहासा, पंतप्रधानाला पेरदाना मंतेरी. पण हा शब्द इथे नुसता घोषणेत नाही, सरकारी फॉर्मवर आहे. १३ मे १९६९ला क्वालालंपुरात मलय-चिनी दंगल झाली. त्यानंतर १९७१मध्ये नवं आर्थिक धोरण आलं. व्यापार चिन्यांच्या हातात आणि मलय माणूस गरीब, तर कंपन्यांच्या भांडवलात त्याचा वाटा तीस टक्क्यांवर न्यायचा असं ठरलं. कॉलेजात जागा राखीव, नव्या घरांच्या किमतीत सूट. त्याचा उपयोग झाला नाही असं म्हणता येणार नाही. १९७०मध्ये जवळपास निम्मी कुटुंबं गरीब होती, १९९०पर्यंत ते प्रमाण पाचव्या हिश्श्याखाली आलं. वीस वर्षांसाठी आणलेल्या धोरणाच्या बऱ्याच सवलती मात्र अजून चालू आहेत.

लॉजच्या बाईंना विचारलं. त्यांचं घराणं मलाक्कात सहा पिढ्यांचं. "मी भूमिपुत्र नाही," त्या अगदी सहज म्हणाल्या, चहात साखर नाही म्हणावं तसं. मुलगा इंजिनिअर, सिंगापुरात. सरकारी विद्यापीठात हवी ती शाखा मिळाली नाही, पलीकडे नोकरी मिळाली, तिकडचाच झाला. मला मुंबईतल्या नोकऱ्यांसाठी निघालेले साठ-सत्तरच्या दशकातले मोर्चे आठवले. माझा थोरला चुलतभाऊ त्यात होता आणि त्यामुळेच बँकेत लागला, असं तो शेवटपर्यंत सांगायचा. मग बाईंना काय उत्तर देणार? आणखी एक चहा मागितला.

सहावा दिवस

क्वालालंपूर. बसने दोन तास. दुतर्फा तेल-माडांच्या रांगा, संपतच नाहीत.

या शहराचं नावच 'गढूळ संगम'. क्लांग आणि गोंबाक नद्या मिळतात त्या टोकावर १९०९ची मशीद आहे आणि पाणी खरोखर गढूळ आहे. बायको जुळ्या मनोऱ्यांखाली फोटो काढत होती, मला मात्र स्मार्ट बोगद्यातून जायचं होतं. टॅक्सीवाल्याला सांगितलं, "लांबून न्या, पण त्या बोगद्यातून न्या." त्याला वाटलं मला कुणी चकवलंय.

बोगदा ९.७ किलोमीटरचा, २००७ साली झाला. त्याच्या मधल्या काही किलोमीटरमध्ये एकावर एक दोन मजल्यांचा रस्ता. साध्या पावसात रस्त्याखालच्या पोटातून पाणी जातं आणि वरून गाड्या. ढगफुटी झाली की गाड्या बाहेर काढून दरवाजे लावतात आणि रस्त्यातूनच नदी सोडतात. पाणी ओसरलं की धुऊन पुन्हा वाहतूक. टोल तीन रिंगिट. अशी कल्पना मी मीटिंगमध्ये मांडली असती तर माझी बदली उद्यान खात्यात झाली असती.

म्हणजे या लोकांना जमत नाही असं नाही. तरी देशभरातल्या शुद्ध पाण्यापैकी तिसऱ्या हिश्श्याहून जास्त पाणी मीटरपर्यंत पोचतच नाही. गळती, चोरी, जुने पाइप. सप्टेंबर २०२०मध्ये नदीत घाण सोडल्यामुळे या खोऱ्यातल्या दहा लाखांहून जास्त जोडण्या कोरड्या पडल्या होत्या. सिंगापुरात गळती एक आकडी आहे.

आणि तरी इथलं पाणी स्वस्त. २००८मध्ये क्वालालंपूरभोवतालच्या सेलांगोर राज्यात विरोधी पक्ष सत्तेवर आला आणि त्याने प्रत्येक घराला महिन्याला वीस हजार लिटर फुकट दिलं. २०२०पासून ते फक्त गरिबांपुरतं ठेवलंय. हे वाचलं आणि कॉजवेच्या दोन बाजूंचा हिशेब माझ्यापुरता तरी लागला. ज्याला हरायची फारशी भीती नाही, तो पाण्यावर कर लावतो आणि पाइप बदलतो. ज्याला पुढची निवडणूक हरायची धास्ती असते, तो पाणी फुकट देतो आणि पाइप तसेच ठेवतो. आमच्या खात्यात दुसऱ्या प्रकारचं राजकारण मी जन्मभर पाहिलं आणि त्याच्या नावाने बोटं मोडली. पण पहिल्या प्रकारात माझ्या आईला तक्रार घेऊन कुणाच्या दारात जाता आलं असतं, तेही मला सांगता येत नाही.

सातवा दिवस

बाटू केव्हज, म्हणजे डोंगरातल्या गुहांमधलं देऊळ. २७२ पायऱ्या, सोनेरी मुरुगन (आपला कार्तिकेय), माकडं. माकडाने बायकोच्या हातातला नारळ पळवला, तिने तो ओरडून परत मिळवला. बाकी फोटोत आहे.

लक्षात राहिला तो परतीचा टॅक्सीवाला, मलय, पन्नाशीचा. चाळीस मिनिटं नुसतं राजकारण. २०१८मध्ये स्वातंत्र्यापासूनची सत्ता पहिल्यांदा कशी उलटली आणि ब्याण्णव वर्षांचे महाथिर पुन्हा पंतप्रधान कसे झाले. मग २०२० ते २०२२ या अडीच-तीन वर्षांत आणखी तीन पंतप्रधान कसे आले. घोटाळ्यात सापडलेले नजीब माजी पंतप्रधान असूनही २०२२मध्ये तुरुंगात कसे गेले. नऊ राज्यांच्या राजांपैकी एक जण पाळीपाळीने पाच वर्षं देशाचा राजा होतो, सध्या पाळी जोहोरच्या सुलतानांची. तो शिव्या देत होता, हसत होता, सिग्नलला मागे वळून माझं मत विचारत होता. सिंगापुरात तीन टॅक्सीवाले भेटले. तिघंही एकाच विषयावर बोलले, गाडीचा परवाना लाख डॉलरवर गेलाय आणि तोही दहाच वर्षांचा.

मी त्याला विचारलं, सिंगापूर कसं वाटतं? म्हणाला, "भाऊ तिकडे काम करतो. स्वच्छ आहे. पगार चांगला. पण झोपायला घरी येतो."

आठवा दिवस

रात्रीच्या बसने निघालो आणि पहाटे सव्वाचारला जोहोर बारूला उतरलो. सोमवार होता. भाच्याने बजावलं होतं, "मामा, सोमवारी पहाटे येऊ नकोस." मी ऐकलं नव्हतं.

हॉलमध्ये माणसांचा पूर. कुणाच्या गळ्यात कंपनीचं ओळखपत्र, कुणी गणवेशावर जॅकेट चढवलेलं, एक मुलगी रांगेत उभ्या उभ्या भाताचा डबा खात होती. कुणी बोलत नव्हतं. कल्याणहून पहाटेच्या लोकलला जी शांतता असते, तीच. स्थानिक बसमध्ये आम्हाला कशीबशी जागा मिळाली. शेजारचा पोरगा दांडीला हात अडकवून उभ्यानेच झोपला होता. गचका बसला की डोळे न उघडता तोल सावरायचा. बायकोने त्याच्या पायाशी आमची बॅग सरकवली, टेकायला.

खाली डाव्या हाताला मोटारसायकलींची वेगळी मार्गिका. हजारो लाल दिवे, सगळे एकाच दिशेला, मुंगीच्या वेगाने. कठड्यापलीकडे अंधारात पाइप दिसत नव्हते, पण कुठून जातात ते आता ठाऊक होतं. बस वीस मिनिटांत अर्धा किलोमीटर सरकली. तेवढ्या वेळात त्यांच्यातून किती पाणी गेलं असेल, याचा मी हिशेब मांडायला लागलो, मग सोडून दिला.

घरी पोचलो तेव्हा सात वाजत आले होते. नात शाळेच्या गणवेशात. मी तोंड धुवायला गेलो. पाणी गार होतं, ओंजळ भरून घेतलं आणि तसाच उभा राहिलो.

"आजोबा," दारातून आवाज आला, "नळ."